शेरा : घोरलो

खाडेमास्तर परीक्षा घेताना झोपायचे.

पेंगायचे असं नाही हां. रीतसर झोपायचे. गाडीचा मागचा दरवाजा उघडायचा, बूट काढून जोडीनं खाली ठेवायचे, टोपी छातीवर, तोंडावर पंचा, आणि मागच्या सीटवर आडवं व्हायचं. मास्तर उंचीनं बेताचे, त्यामुळे मावायचे. मग पंचाखालून आवाज यायचा, "चल गड्या. सायरन लाव. अपघात झालाय म्हन." पुढं घामाघूम झालेला पोलीस शिपाई गाडी हाणायचा. वीस मिनिटांनी गाडी मैदानावर परत आली की मागचा दरवाजा उघडायचा. मास्तर घोरत असले तर पोरगा पास. टक्क जागे असले तर नापास. आणि वाटेतच उठून बसले असले, तर त्या पोरानं पुढच्या बॅचला यायचं.

मी साताऱ्याला पोलिसांच्या मोटार परिवहन विभागात लिपिक. मूळची सांगलीची. गाड्यांमधलं मला काडीचं कळत नाही. माझी स्कूटी सुरू होते आणि थांबते, एवढ्यावर मी समाधानी आहे. पण इथल्या चालकांच्या परीक्षांचे निकाल माझ्याकडून टाइप होऊन वर जातात. मास्तरांच्या हातचा पहिला निकाल आला तेव्हा मी कपाळाला हात लावला. 'शेरा' या रकान्यात लिहिलं होतं : घोरलो. त्याखाली : दोनदा जागा झालो. त्याखाली : तिसऱ्या वळणाला देव आठवला.

मी कागद घेऊन तावातावानं मैदानावर गेले. "मास्तर, हे काय आहे?"

"काय झालं, बाई?"

"सरकारी कागद आहे हा! इथं समाधानकारक, असमाधानकारक असं लिहितात."

त्यांनी कागद लांब धरून वाचला. "मग लिवा की तसं. घोरलो म्हंजे समाधानकारकच."

तेव्हापासून मी भाषांतर करत आले. घोरलो म्हणजे उत्कृष्ट. डोळा लागला म्हणजे चांगला. देव आठवला याला सरकारी शब्द मला आजतागायत सापडलेला नाही.

मास्तर म्हसवडकडच्या एका लहानशा गावचे. हुद्दा सहायक फौजदार, पण साताऱ्यापासून सांगलीपर्यंत ज्यांनी ज्यांनी पोलिसांची गाडी चालवली ते सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. शिकायला येणारी पोरं येतानाच डोक्यात टीव्हीवरचा पाठलाग घेऊन येतात. कधी एकदा दिवा लावतोय आणि सायरन वाजवत सुटतोय असं त्यांना झालेलं असतं. मास्तर पहिले दोन दिवस त्यांना स्टिअरिंगला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत. "आदी झोप, मग चालव." एकानं चालवायचं, दुसऱ्यानं मागं आडवं पडायचं, मग अदलाबदल. खड्डे, वळणं, कचकचून ब्रेक, सगळं आडव्या अंगानं भोगायचं. पहिल्या दिवशी हमखास दोघंतिघं ओकायचे. दुसऱ्या दिवशी सगळी बॅच नाष्टा न करता हजर.

"रस्त्यात पडलेला मानूस कुनाच्या गाडीत जातो रं?" मास्तर विचारायचे. "अँब्युलन्स आली तर ब्येस. न्हाई आली तर आपल्याच. त्येचा पाय मोडलाय, बरगडी मोडलीय. आन तुमी त्येला सुपात घालून पाखडताय. गाडी पुढं जाती, पर मागं मानूस हाय!"

हे 'मागं मानूस हाय' दिवसातून शंभरदा ऐकू यायचं. गिअर टाकताना, वळताना, खड्डा दिसल्यावर. बाकीची शिकवणही अशीच होती. "सायरन म्हंजे 'व्हा बाजूला' न्हवं. 'आवं, जरा जाऊ द्या' असं म्हनायचं ते." आणि ब्रेकबद्दल, "ब्रेक म्हंजे सासू. सांगून आली तर घर नीट, न सांगता आली की भांडी आदळत्यात."

हे वेड मैदानापुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण मास्तर कचेरीच्या बोळातसुद्धा वळणाआधी चाल कमी करायचे. हातात चहाचा कप नसला तरी. एकदा त्यांना तालुक्याच्या कचेरीत घाईनं जायचं होतं, म्हणून मी मोठ्या मनानं माझ्या स्कूटीवर मागं बसवलं. पोवई नाक्यापर्यंत तीन वेळा मागून आवाज आला, "जागा हाय मी, बाई." नाक्यावर ते शांतपणे उतरले, नमस्कार केला आणि पुढं चालत गेले. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

गेल्या वर्षी नवे साहेब आले. तरुण, तडफदार. गाडी किती मिनिटांत पोचली, हा त्यांचा एकच प्रश्न. पहिल्याच पाहणीला ते मैदानावर आले, उभ्या गाडीत डोकावले, तर आत सहायक फौजदार खाडे पंचा पांघरून घोरतायत. दुपारी कारणे दाखवा नोटीस निघाली. खुलासा मास्तरांनी तोंडी सांगितला, मी टाइप केला. "मी कर्तव्यावर असताना झोपलो होतो हे खरे आहे. झोप लागणे हा परीक्षेचा भाग आहे. त्या दिवशी झोप लागली, याचे श्रेय चालक पोलीस शिपाई रुक्साना मुलाणी यांना द्यावे, ही विनंती."

"मास्तर, हा खुलासा आहे की आगीत तेल?" मी म्हटलं.

"खोटं कुटं हाय त्यात?"

साहेबांनी खुलासा वाचला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर आले. म्हणाले, "मीच झोपून बघतो." मास्तरांनी मुलाणीला पुढं बसवलं. ही मिरजेची मुलगी, अंगानं काडी, पण हात असा की गाडी चाललीय की उभी आहे हे आतल्या माणसाला कळू नये. गाडी निघाली. मैदानाला एक फेरी, दोन फेऱ्या, पाच. साहेब उठेनात. मुलाणीनं खिडकीतून खुणेनं विचारलं, काय करू? मास्तरांनी बोट गरागरा फिरवलं, फिरव. साहेबांना उठवणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? पाऊण तास ती गाडी मैदानाभोवती फिरत होती आणि आम्ही सगळे सावलीत बसून चहा पीत होतो. शेवटी साहेबांचा फोन वाजला म्हणून सुटका. साहेब उतरले, केस सारखे केले, "हं, ठीक आहे," म्हणाले आणि नोटीस फायलीत गेली. मास्तर संध्याकाळी माझ्या टेबलापाशी आले. "बाई, साहेबांचा शेरा काय लिवला?"

सगळंच असं सरळ पार पडायचं असं नाही. ताफ्याचा सराव घेताना मास्तरांचा एक नियम होता : पुढच्या गाडीचा मागचा दिवा म्हणजे देव, त्याच्यावरची नजर काढायची नाही, तो जाईल तिकडं जायचं. एकदा पाच गाड्यांचा ताफा म्हसवडच्या रस्त्यानं निघाला, पहिल्या गाडीत मास्तर. वाटेत त्यांना आठवलं, रक्तदाबाच्या गोळ्या गावी घरीच राहिल्या. घर रस्त्यापासून आत, फर्लांगभर. त्यांनी गाडी वळवायला लावली आणि मागच्यांना सांगायला विसरले. पोरं शिकवल्याबरहुकूम मागोमाग. दिवे लावलेल्या पाच पोलीस गाड्या घराच्या बोळात शिरल्यावर गावात पळापळ झाली. कुणी उसात लपलं, कुणी हातभट्टीचे कॅन ओढ्यात ओतले. आणि मास्तरांचा शेजारी वर्षापूर्वी चोरीला गेलेली त्यांच्या विहिरीवरची मोटार खांद्यावर घेऊन हात जोडत पुढं आला. "मास्तर, चुकी झाली. पर एवढी फौज कशाला आनायची?" मास्तर गोळ्या घेऊन घराबाहेर पडत होते. त्यांना आधी कळेचना हा काय म्हणतोय.

हे मला मुलाणीनं सांगितलं. हसता हसता तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. मास्तरांच्या बायकोनं, हौसाकाकूंनी, सगळ्या पोरांना तांब्या तांब्या ताक पाजलं. काकू दुसऱ्या दिवशी साताऱ्याला यायच्याच होत्या. मुलाणी म्हणाली, "काकू, बसा की गाडीत, सोबत जाऊ." काकू म्हणाल्या, "नगं बाई. मी यष्टीनंच येती." मास्तर तिथंच उभे होते. ते गाडीत जाऊन बसले.

तेव्हा मला मास्तरांच्या स्कूटरचा उलगडा होऊ लागला. काकू गावी शेती आणि मेंढरं बघायच्या, महिन्यातून एकदा साताऱ्याला क्वार्टरवर यायच्या. मास्तर त्यांना आणायला एसटी स्टँडवर स्कूटर घेऊन जायचे. आणि परत येताना स्कूटर हातानं ढकलत काकूंच्या शेजारून चालत यायचे. मी कितीदा तरी पाहिलं होतं. स्कूटर बिघडलीय असं समजून दोनदा मेकॅनिकचा नंबरसुद्धा दिला होता. मास्तरांनी तो वहीत नीट उतरून घेतला होता. माझं हे असं, नको तिथं हुशारी.

मे अखेरीला मास्तर निवृत्त व्हायचे होते. जानेवारीत निवृत्तिवेतनाचे कागद भरायला ते माझ्यासमोर बसले. नाव, गाव, पत्नीचं नाव झालं. मी विचारलं, "अपत्ये?"

"न्हाई म्हून लिवा."

मी लिहिलं. मास्तर कागदाकडं बघत राहिले. "हुतं एक. सातव्या महिन्यात गेलं."

मी पेन खाली ठेवलं.

"जतला हुतो तवा. नवा डायवर. भर दुपारी हिच्या पोटात दुखाय लागलं. साहेब चांगला मानूस, म्हनला, जीप घे आन मिरजंला उडव. मी उडवली. बाई, तवाचा तो रस्ता. मी दिवा लावला, भोंगा लावला, आन जी सोडली… तिनं मागनं हाक मारली, 'आवं, हळू.' मी म्हनलं, पोचूया आदी. कवठ्याच्या पुढं परत म्हनली, 'आवं, हळू वो.' मी ऐकलंच न्हाई. जेवढ्यात कुनी पोचलं नसंल तेवढ्यात पोचलो. ही वाचली. प्वार न्हाई वाचलं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर म्हनले, रस्त्याचा काय संबंद न्हाई, ते आदीच गेलं हुतं." मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "पर डॉक्टर मागं झोपला न्हवता, बाई. स्टेशनात तर समद्यांनी माझी पाठ थोपटली. काय गाडी मारली म्हनं गड्यानं! पंधरा दिवसांनी मी एका दोस्ताला म्हनलं, तू चालव, तसंच चालव, मी मागं पडतो. कवठ्यापातूर टिकलो. तितं उतरून रस्त्याच्या कडंला बसलो."

"आणि काकू?"

"ती एका शबदानं बोलली न्हाई आजपातूर. भांडली असती तर बरं झालं असतं. नुस्ती माझ्या गाडीत बसत न्हाई. कुनाच्याच जीपात बसत न्हाई. हितं ह्या पोरांस्नी पास-नापास करतुय मी. माझी परीक्षा तशीच राह्यली. रिटायर व्हायच्या आत ती एकदा बसली पायजे, बाई. दुसरं काय नगं मला."

मी उगीच म्हटलं, "बसतील हो मास्तर." ते म्हणाले, "बगू. चार म्हैने हायत." आणि सह्या करायला लागले.

चार महिन्यांत काकू चारदा आल्या. चारही वेळा मी स्टँडवरून स्कूटर ढकलत येताना मास्तरांना पाहिलं. आता मला ते बघवत नव्हतं. मी मान फिरवून दुसरीकडं बघायची.

निरोपाचा दिवस उजाडला. आमच्याकडं पद्धत आहे, निवृत्त होणाऱ्याची गाडी झेंडूच्या माळांनी सजवायची, त्याला बसवून सगळ्यांनी दोरानं गेटपर्यंत ओढत न्यायची, तिथून कुणीतरी घरी पोचवायचं. भाषणं झाली. साहेब म्हणाले, खाडे यांनी माझे डोळे उघडले, आणि सगळे हसल्यावर त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो. काकू पहिल्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन, मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्या पिशवीतच परतीच्या एसटीची वेळ लिहिलेली चिठ्ठी होती. मी शेजारी बसले होते, त्यांनी दोनदा काढून बघितली.

कार्यक्रम संपल्यावर मुलाणी पाया पडायला आली. गाडी म्हसवडला न्यायचं काम तिच्याकडं होतं. काकूंनी तिला ओळखलं. "पोरी, तुलाबी ह्येंनीच शिकवलं व्हय?"

"होय काकू."

"बसून सांगत असतील शेजारी. ह्ये दाब, त्ये दाब."

"छे! मास्तर कधीच पुढं बसत नाहीत. मागं झोपतात."

"झोपत्यात?"

"सीटवर आडवे पडतात. आम्हाला पण आधी मागं झोपवतात. सगळ्यांना. म्हणतात, मागच्यानं 'हळू' म्हटलं की आधी ऐकायचं, पोचायचं नंतर बघू. पहिला धडाच तो. लिहूनच घेतात वहीत."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. "खरं व्हय, बाई?"

"मी इथं आल्यापासून तरी रोज बघतेय काकू," मी म्हटलं. "शेकड्यानं पोरं झाली असतील."

इतकी वर्षं संसार केला, पण नवरा ड्यूटीवर काय करतो हे त्या बाईला कुणी सांगितलं नव्हतं. मास्तरांनी तर नाहीच. काकू बराच वेळ पिशवीच्या बंदाला पीळ घालत बसल्या. मग उठल्या. मैदान ओलांडून सरळ गाडीपाशी गेल्या, माळा बाजूला करून मागचा दरवाजा उघडला आणि आत बसल्या. दोर धरून उभी असलेली पोरं बाजूला सरकली. मास्तर हारात बुडालेले, तिथंच खांबासारखे उभे.

मुलाणी लगबगीनं पुढच्या सीटकडं निघाली. आतून आवाज आला, "तू न्हवं गं. त्येंनला चालवू दे."

साहेबांनी मुलाणीला मान हलवून खूण केली. तिनं किल्ली मास्तरांच्या हातात दिली. दोरानं ओढायचं बाजूलाच राहिलं. पोचवायला कचेरीतलं कुणीतरी जावं लागतं, म्हणून मी पुढं शेजारी बसले. मास्तरांनी हार काढून माझ्या मांडीवर ठेवला, किल्ली फिरवली, क्लच सोडला आणि गाडी आचका देऊन बंद पडली. साऱ्या जिल्ह्याला गाडी शिकवणारा माणूस, शिकवलेल्या सगळ्या पोरांसमोर! एकही जण हसला नाही. दुसऱ्यांदा सुरू झाली.

कोरेगावपर्यंत मास्तरांनी चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. शेणखताचे ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेले. एक म्हातारा मोपेडवर वैरणीचा भारा घेऊन आमच्या पुढं गेला आणि वळून बघून हसला. मास्तरांचे हात स्टिअरिंगवर घट्ट, कपाळावर घाम. पुसेगावच्या अलीकडं उतार लागला, गाडीनं जरा वेग धरला, आणि मागून आवाज आला, "आवं, हळू."

मास्तरांनी ताबडतोब पाय काढला. गाडी कधी मंदावली मला कळलंसुद्धा नाही, खिडकीतली झाडं सावकाश सरकायला लागली तेव्हा कळलं. "व्हय," मास्तर म्हणाले. "हळूच चाललोय बग." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला ते स्टिअरिंगवरचा हात काढेनात. मी माझ्या पदरानं त्यांच्या चष्म्याखालचं पाणी टिपलं. दुसरं काय करणार?

पुसेगाव गेलं, दहिवडी गेली. मागून पुन्हा आवाज आला नाही. मास्तर एकदम कुजबुजले, "बाई, मागं बगा की जरा."

मी वळून बघितलं. काकू पाय वर घेऊन सीटवर कलंडल्या होत्या. पिशवी उशाला, पदर तोंडावर आलेला, आणि त्या पदराखाली श्वास संथ चालला होता. "झोपल्या," मी म्हटलं. पुढच्या खड्ड्याला मास्तरांनी गाडी अशी उतरवली, जणू खड्डा तिथं नव्हताच.

गावात पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. बोळाच्या तोंडाशी हलगीवाले तयार, सगळं गाव जमलेलं, तो मोटारचोर शेजारी हार घेऊन सगळ्यांच्या पुढं. मास्तरांनी खिडकीतून हात बाहेर काढून सगळ्यांना गप्प केलं. गाडी दारासमोर उभी केली, इंजिन बंद केलं आणि तसेच बसून राहिले. गाव उभं, हलगी काखेत, कुणी हालेना. पाच मिनिटं गेली, दहा मिनिटं गेली. माझ्या पायाला मुंग्या आल्या.

"मास्तर," मी हळूच म्हटलं, "शेरा काय लिहू?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "लिवा उद्या. आवाज करू नगा, बाई. मागं मानूस हाय."